देवमन गुरुजींची फ्रेंच पानं

अमरावतीला नगरपालिकेच्या शाळेत देवमन वानखडे म्हणून एक ड्रॉइंग मास्तर होते. तसा माणूस गरीब गाय. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा का एखाद्या गोष्टीवर जीव बसला, की मग कोणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

आणि जीव बसला कशावर, तर एका पानावर! गाव त्यांचं भातकुलीकडचं. लहानपणी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसले, तेव्हा सरावाच्या पुस्तकात एक विलायती पान होतं. कडा कातरलेल्या, मधली शीर फुगीर, शेंडा वळून खाली लवलेला. बाकीच्या पोरांनी ते मार्कांपुरतं काढलं आणि मोकळे झाले. देवमनला मात्र प्रश्न पडला, की बाप्पा, हे पान आहे तरी कोणत्या झाडाचं? निंब पाहिला, पळस पाहिला, कापसाची पऱ्हाटी तर डोळे उघडल्यापासून पाहत आलो. असं पान काही वऱ्हाडात कुठं नाही. पुढे मास्तर झाले, केशरबाईंशी लग्न झालं, छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले, लेक शालू मोठी झाली, तरी ते पान काही डोक्यातून गेलं नाही. खडूनं फळ्यावर काढायचे आणि चार पावलं मागे सरकून स्वतःच पाहत उभे राहायचे. पोट्टे त्यांना ‘पानवाले गुरुजी’ म्हणायचे. गुरुजींना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात एक दिवस ते इतवाऱ्यात भाजीला गेले होते. तिथं हुसेनभाईचं मोडीचं दुकान. फुटकी-तुटकी तांब्या-पितळेची भांडी वजनावर घ्यायची आणि भट्टीवाल्याला विकायची, हा त्याचा धंदा. दुकानासमोरून जाताना गुरुजींचे पाय जागच्या जागी थांबले. चेपलेल्या लोट्यांच्या ढिगात ते पान पडलं होतं! तेच, पुस्तकातलं, कडा कातरलेलं, पण धातूचं. काळं पडलेलं, धुळीनं भरलेलं, आणि तरी शेंडा असा लवलेला, की आत्ता वारा आला तर हलेल. गुरुजींनी भाजीची पिशवी रस्त्यावरच ठेवली आणि ढिगात हात घातला. एकामागून एक आठ नग निघाले. चार कोपऱ्यांची पानं, दोन कुलपाच्या भोकाभोवती बसणाऱ्या तबकड्या, आणि दोन बायकांचे मुखडे. बाई गळ्यापर्यंतच, गळ्याखाली पान सुरू.

हुसेनभाई म्हणाला, “बडनेरा रोडच्या कापसाच्या प्रेसच्या बंगल्यात कोन्या फिरंग्याचं कपाट होतं, गुरुजी. फ्रान्सचं म्हनते. लाकूड सारं उधईनं खाल्लं. हात लावला तं पीठ! पितळ तेवढं राह्यलं. अकोल्याचा एक बुढा पारशी पाहाले आलता, तो लाकूड चाचपून डोक्याले हात लावून परत गेला. आता हे भट्टीत जाईन.”

“भट्टीत?” गुरुजींच्या तोंडचं पाणीच पळालं. “हुसेनभाई, मले देता काय?”

“पितळ द्या, पितळ घ्या. वजनाले वजन.”

केशरबाई तेव्हा हिवरखेडला मावसबहिणीच्या घरी लग्नाला गेलेल्या. गुरुजी घरी आले, मांडणीवरून पाण्याचे दोन पितळी गुंड उचलले, आतलं पाणी अंगणातल्या जास्वंदीला ओतलं आणि तसेच इतवाऱ्यात नेऊन तराजूत टाकले. शहाण्या माणसानं असं करावं? पण करून बसले.

केशरबाई आल्या, तहानलेल्या होत्या, पेला घेऊन मांडणीकडे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “माय वो! गुंड कुठी गेले?”

गुरुजींनी धोतराच्या सोग्याआडून पान काढून दाखवलं. केशरबाईंनी पानाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, मग भुईवर बसल्या. “लोकाईचे नवरे दारू पितात, पत्ते खेळतात. त्याले काईतरी म्हनता तरी येते. याले काय म्हनू मी? कोनाले सांगू, का माह्या नवऱ्यानं पान्याचे गुंड देऊन कबाड आनलं?” तेव्हापासून त्या घरात पाणी मातीच्या माठात. विहिरीवरच्या बायांना तर आयतंच मिळालं. शेजारची पार्बताबाई विचारायची, “कावून वो केशर, आज पानी पानातच भरून नेतं काय?” आणि साऱ्या जणी फिदीफिदी हसायच्या. केशरबाई तिथं त्यांना तोडीस तोड बोलून यायच्या, आणि ते सारं व्याजासकट घरी नवऱ्याला ऐकवायच्या.

गुरुजी मात्र पुढच्याच रविवारी रुमालात एक पान बांधून बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला निघाले. म्हातारा पारशी सापडायला वेळ लागला नाही. फ्रामजी त्याचं नाव. जावई जिनिंगचा मॅनेजर, म्हणून हा लेकीकडे येऊन राहिलेला. उमेद सगळी मुंबईला फोर्टात, जुन्या सामानाच्या लिलावाच्या पेढीवर गेलेली. विलायती कपाटं, आरसे, घड्याळं यांत केस पिकवलेला माणूस; पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस उभा आहे की खुर्ची, एवढंच कळायचं.

गुरुजींनी पान हातात दिलं. म्हाताऱ्यानं ते लगेच पालथं केलं आणि पाठीवर अंगठा फिरवायला लागला.

“साहेब, ते उलटं धरलं तुमी.”

“चूप बेस! मुखडा तो सगळी दुनिया बघते, डिकरा. खरा-खोटा पाठ सांगते.” अंगठा कडेवर थांबला आणि म्हातारा एकदम ताठ झाला. “अरे! हे तर पितळ नाय. काशाच्या जातीचं आहे, वर सोना. तू कोण? आणि हे साला तुला मिळाला कसा?”

झालं. त्या दिवशी जी गट्टी जमली, ती जमलीच. गुरुजी रविवार आला की अकोला गाठायचे. फ्रामजी शिकवायचे आणि शिव्याही घालायचे. सोनं पाऱ्यात कालवून धातूला लावायचं, मग निखाऱ्यावर धरायचं. पारा उडून जातो, सोनं चिकटून बसतं. त्या वाफेनं ते कारागीर तरुणपणीच मरायचे, हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज खाली यायचा. जुन्या कामात पाठीला सोनं नसतं, उगाच कशाला खर्च? फक्त कडेवरून ओघळलेलं असतं, भांड्याच्या काठावरून दूध उतू जावं तसं. नकली माल विजेच्या मुलाम्याचा, तो पाठीलाही गुळगुळीत पिवळा. खऱ्या पानाची शीर न् शीर ओतल्यावर पुन्हा छिन्नीनं कोरलेली, म्हणून बोटाला धार लागते. नक्कल साच्यावरून साचा घेतलेली, ती बोटाला साबणाच्या वडीसारखी. आणि सगळंच चकचकीत नसतं बरं का! काही जागा मुद्दाम मंद ठेवायच्या आणि शिरा तेवढ्या अकीकाचा गुळगुळीत दगड घासून उजळायच्या, म्हणजे दिव्यात पान जिवंत दिसतं.

“पण हे पान हाय कोन्या झाडाचं?” गुरुजींनी अखेर जन्माचा प्रश्न विचारला.

“झाड कसला? तण आहे, तण. तिकडे समुद्राच्या काठी दगडाधोंड्यांत उगवते. काटेरी.”

गुरुजी इतके हसले, की फ्रामजींची लेक आतून पाहायला आली. घरी येऊन त्यांनी मोठ्या हौसेनं हे केशरबाईंना सांगितलं. केशरबाई भाकरी थापत होत्या. हात तसाच वर राहिला. “तन? अवो, तनापायी माहे गुंड देले तुमी? इथं वावराइतनं तन उपटू उपटू मायचे हात सोलले माह्या!”

फ्रामजींनी बजावलं होतं, की चिंच न् राख लावशील तर हात तोडीन. म्हणून गुरुजींनी रिठ्याच्या पाण्यात, मऊ फडक्यानं, सुटीच्या दुपारी बसून एकेक नग धुतला. काळं गेलं आणि खालून सोनं वर आलं. पावसानंतरच्या संध्याकाळी येतं तसलं पिवळं, झगमग नाही, पण नजर हटत नाही. गुरुजी हाका मारायचे, “शालूची माय, हे पाय ना! हे कसं वळलं पाय!” केशरबाई चुलीपुढूनच म्हणायच्या, “पाह्यलं.” मान वर न करता. शालू बिचारी यायची, “छान हाय, बाबा,” म्हणून जायची. बापाचं मन राखायची.

खरं सांगायचं तर गुरुजींना दुःख होतं ते एवढंच. शाळेतले हसतात, हसोत. विहिरीवरच्या हसतात, हसोत. पण ज्या बाईसोबत जन्म काढला, तिला आपल्याला दिसतं ते एकदा, एकदाच, दिसावं. अकोल्याचा आंधळा म्हातारा बोटांनी पाहतो, आणि घरची डोळस बाई पाहत नाही! हे त्यांना आतून कुरतडायचं.

दुसरं एक राहिलं होतं, ते म्हणजे वय. फ्रामजी म्हणायचे, “हात सांगते, दोनशे वरस. पण हात कधी कधी लबाडी करते. माझ्या बापाच्या वेळेला पॅरिसमध्ये नक्कल करणारे पण साले उस्ताद होते. डोळा पाहिजे.” डोळा पाहिजे, तर ऑपरेशन करा ना! पण म्हातारा सुरीला असा भ्यायचा, की नाव काढलं की कानावर हात. गुरुजींनी पिच्छा सोडला नाही. वर्षभर दर रविवारी तेच. शेवटी बासष्टच्या सुरुवातीला शालूचं लग्न ठरलं, तेव्हा गुरुजींनी हुकमाचा पत्ता टाकला. “साहेब, ही पानं बसवून मी पोरीले सागवानाचं कपाट देऊन राह्यलो. ते तुमच्याशिवाय कोन पाह्यन?” फ्रामजींनी दोन्ही डोळे बोटांनी चोळले. मग म्हणाले, “मुंबईचा तिकीट काढायला सांग माझ्या जावयाला.”

शालूचा नवरा मुलगा पातूरचा, अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून. दीक्षेनंतर घरच्यांनी ठेवलेलं नाव टाकून यानं स्वतःच धर्मपाल हे नाव घेतलेलं. असा पाणीदार पोरगा. हुंडा नको, मानपान नको, म्हणाला. केशरबाई म्हणाल्या, “हुंडा नोको तं नोको. पन मायनं भांडे द्याले पाह्यजे का नाई? पोट्टी काय रिकाम्या हातानं जाईन?” आणि त्या लग्नाच्या तयारीला अशा लागल्या, की घरात उभं राहायला जागा उरली नाही.

उत्तमराव सुतारानं कपाट झकास केलं. आता नग बसवायचे तेवढे बाकी. गुरुजी शाळेतून आले, नग ठेवलेली पेटी उघडली, वरची तबकडी हातात घेतली आणि दाराच्या उजेडात नेऊन पाहिली. कुलपाच्या भोकाखाली जो सपाट, मंद ठेवलेला भाग होता ना, जो पॅरिसच्या कोण्या कारागिरानं जीव ओतून तसा ठेवला होता, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलं होतं: ‘चि. शालूस आईबाबांकडून सप्रेम भेट, १९६२’.

केशरबाई हसतमुखानं बाहेर आल्या. “पाह्यलं काय? भांड्याइवर नाव टाकाले तांबटाकडे गेलती, म्हटलं हे बी नेवाव. चांगलं ठासून टाकून देलं त्यानं. आता कोनी चोरलं तरी वळखू येते.”

त्यांचं तरी काय चुकलं? लेकीला द्यायच्या भांड्यावर नाव टाकायचंच असतं. बिननावाचं भांडं म्हणजे उसनं आणलेलं, नाहीतर मोडीचं. पण गुरुजींनी ती तबकडी पालथी करून पेटीत ठेवली. उभ्या आयुष्यात बायकोवर आवाज न चढवलेला माणूस, त्या दिवशीही चढवला नाही. नुसतं म्हणाले, “तुले दिसतच नाई, केशर. इतके वर्स झाले. तुले कधी दिसलंच नाई.” पेटी बंद केली आणि उत्तमरावाला निरोप धाडला, की तुझं तू येऊन बसव, मला पाहायचं नाही.

आणि पाहिलंही नाही. मांडव, आचारी, पत्रिका, सारं करत हिंडले, पण कपाटाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. केशरबाईशी कामापुरतं बोलणं. तीही मानी बाई. काय चुकलं ते विचारायचं सोडून भांडी आपटत राहिली. एरवी घर डोक्यावर घेणारी बाई गप्प झाली, तसं घर घरच वाटेना.

लग्नाच्या दिवशी मात्र सारं आनंदीआनंद. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, शालू आणि धर्मपालनं एकमेकांना हार घातले, फुलं उडाली. पंगती बसायच्या आधी आंदण मांडलं. हंडे, गुंड, गंज, परात, आणि मधोमध ते कपाट. पाहुण्यांनी नुसती गर्दी केली. तेवढ्यात मांडवाच्या दारात टांगा थांबला आणि त्यातून पांढरा डगला घातलेले, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावलेले फ्रामजी उतरले.

“देवमन! अरे, तू असा दिसते? मी समजत होतो जरा तरी रुबाबदार असशील!”

सारा मांडव हसला. गुरुजींना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. या म्हाताऱ्यानं भीती गिळून डोळे कापून घेतले, आणि त्या नव्या डोळ्यांना दाखवायचं काय, तर ठिपके! पण पळून जाणार कुठं? केशरबाई कपाटाशेजारीच उभ्या होत्या.

फ्रामजी वाकले. नाक तबकडीला टेकलं. “ओ खोदाय! हे काय लिहिला आहे?”

केशरबाईच पुढे झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “चिरंजीव शालूस आईबाबांकडून सप्रेम भेट. मी टाकून घेतलं, साहेब. याइचा काई दोष नाई.”

म्हातारा आधी लाल झाला. मग त्याचं पोट हलायला लागलं आणि तो असा खदखदून हसला, की चष्मा सावरावा लागला. “मुंबईचा एक दलाल आता याला हात लावेल तर शपथ! बाई, तू कमाल केला. हे कपाट आता सात पिढ्या कोण विकू शकत नाय.” हसता हसता तो एका दारावरच्या मुखड्याकडे वळला, आणि तिथं त्याचं हसू थांबलं. बाईच्या गळ्याखालच्या पानाचा मुडपा होता, त्याच्या आड त्यानं नख लावलं. “देवमन, इकडे ये. हे काय आहे?”

गुरुजींना यावंच लागलं. खाचेत तिळाएवढा ठसा होता. मुकुट, आणि त्याखाली एक अक्षर. धुताना त्यांना तो ओतकामातला खडा वाटला होता.

“फ्रान्सच्या राजानं तांब्याच्या कामावर कर लावला होता. भरला की हा ठसा. चारेक वरस चालला, मग बंद. सतराशे पंचेचाळीस ते एकोणपन्नास. नक्कल असती तर कडा गोल झाल्या असत्या. ह्या बघ कशा धारदार! दोनशे वरसांवर झाले, डिकरा. माझा हात लबाड नाय!”

“म्हंजे नाक्याचा शिक्का!” मुलाचे काका खुशालराव म्हणाले. “जकात तिथं बी सुटली नाई म्हना!” पुन्हा हशा पिकला.

गुरुजी मात्र हसत नव्हते. ते त्या मुखड्याकडे पाहत होते. मग दुसऱ्या दारावरच्या मुखड्याकडे गेले, तो पाहिला. पुन्हा पहिल्याकडे आले. चारही पानांवर नाव होतं, दोन्ही तबकड्यांवर नाव होतं. मुखड्यांवर एक ठिपका नव्हता.

“केशर,” ते हळूच म्हणाले, “याइवर कावून नाई टाकलं?”

केशरबाईंनी पदर सावरला. इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर हे पहिलं विचारणं. “तो तांबट टाकतच होता ना! छिन्नी ठेवली होती गालावर. मी त्याच्या हातातनं वढून घेतलं. म्हटलं, खबरदार! अशा तोंडावर कोनी ठोकते काय? तिची एक भिवई पाहा ना कशी, दुसरीपेक्षा जराशीच वर हाय. जशी आता हसन, मंग बोलन. दुसरीची तशी नाई, ते चुपचाप आयकून राह्यली. तुमी शाळेत गेले का मी रोज पाहो दोघीइले. ऊन खिडकीतनं येते तवा तं भल्ल्या गोड दिसतात. तुमी हाका मारत होते तवा हात पिठाचे राहत माहे. मंग मी दुपारी पाहो.”

गुरुजींचे डोळे आले भरून, आणि मग भर मांडवात, साऱ्या पाहुण्यांसमोर, देवमन वानखडे ढसाढसा रडले. ती भिवई खरंच वर होती. तीन वर्षं त्यांनी पानच पाहिलं होतं.

खुशालराव धावत आले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. “असं नोका करू, गुरुजी. लेक जवळच तं चालली, अकोल्याले. पोरीचा बाप हाय, रडनच तो,” असं त्यांनी साऱ्यांना समजावून सांगितलं. पाहुण्यांनीही माना डोलावल्या, दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. केशरबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून नवऱ्याच्या हातात दिला आणि पंगत वाढायला सांगितली.